एका बदलाची अनेक नावे : जनुकीय तक्त्यांविषयी थोडेसे

सिकल सेल हा आजार आपल्या भागातील डॉक्टरांना नवा नाही. उटनूर, नारनूर परिसरातील आदिवासी बांधवांच्या रक्ततपासणीत तो आढळतो आणि त्याचे मूळ एकाच जनुकातील एका अक्षराच्या बदलात आहे, हेही आपण महाविद्यालयात शिकलो. मात्र हा इवलासा बदल संगणकाच्या तक्त्यात किती निरनिराळ्या रूपांनी उतरतो, याची कल्पना आपल्यापैकी अनेकांना नसेल.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. बदल झाला की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत हे स्थान सहावे होते. आजच्या नामकरणात आरंभीचे मेथिओनिनही मोजतात, म्हणून ते सातवे झाले. जनुकाच्या बाजूने वाचल्यास 'ए'चा 'टी' होतो. पण हे जनुक गुणसूत्राच्या उलट धाग्यावर असल्याने गुणसूत्राच्या तक्त्यात 'टी'चा 'ए' लिहिलेला दिसतो. २००९ च्या संदर्भ-जनुकसंचानुसार हे स्थान ५२४८२३२, तर २०१३ च्या संचानुसार ५२२७००२. रोग तोच, रुग्णही तोच!

जनुकीय माहितीचे विश्लेषण बहुधा आज्ञा टंकून चालवायच्या प्रोग्रॅमनी होते. एकाचे फलित दुसऱ्याच्या हाती, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या हाती, अशी ही साखळी असते. मध्ये कोणी माणूस वाचत नसतो. पुढचा प्रोग्रॅम केवळ ठरलेला रकाना पाहतो; मागच्याने नव्या आवृत्तीत एक रकाना सरकवला, तर पुढचा बिनदिक्कत चुकीचा आकडा उचलतो. काम बंद पडले तर बरे, निदान कळते तरी.

सन १९९० पासून प्रसिद्ध असलेल्या 'ब्लास्ट'च्या साध्या तक्त्यात बारा रकाने असतात, पण शीर्षके नसतात. कोणता रकाना कशाचा, हे ज्याचे त्याने ध्यानात ठेवायचे. ही रीत मला कधीच रुचली नाही. त्यापेक्षा 'एक हजार जीनोम' प्रकल्पासाठी घडवलेला 'व्हीसीएफ' नमुना शहाणपणाचा वाटतो. त्याच्या पहिल्याच ओळीत नमुन्याची आवृत्ती असते, आठ रकाने नावांसह ठरलेले असतात, आणि माहिती नसेल तेथे टिंब देतात. त्यात मोजणी एकापासून होते. 'बेड' नावाच्या दुसऱ्या नमुन्यात ती शून्यापासून होते. तेथे आपला सिकलचा बदल ५२२७००१ वर सुरू होऊन ५२२७००२ वर संपतो. हे न जाणता दोन तक्ते जोडले की एका घराची चूक झालीच.

नित्याच्या एक्सेलनेही कमी घोळ घातलेला नाही. 'सेप्ट' आणि 'मार्च' या नावांची जनुके तो तारखा समजून बदलून टाकी. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीनेच त्यांची नावे 'सेप्टिन' व 'मार्चएफ' अशी बदलली. संगणक हटला नाही, शास्त्राला वाकावे लागले!

हे सारे प्रयोगशाळेतले, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण १ जुलै २०२३ रोजी सिकल सेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी त्यात योजिली आहे. विद्राव्यता चाचणीचा 'पॉझिटिव्ह' हा निष्कर्ष वाहक आणि रुग्ण यांत भेद करीत नाही; तो इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसीनेच कळतो. एका शिबिराने नुसते 'पॉझिटिव्ह' लिहिले, दुसऱ्याने 'एएस', तिसऱ्याने 'वाहक', तर सोयरीक ठरवताना सल्ला मागणाऱ्या आईबापांना आपण काय सांगणार? दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हेच नोंदीतून उमगत नसेल तर हा हिशेब मांडायचा कशावर?

म्हणून माझ्या नोंदवहीत मी चाचणीची पद्धत, निष्कर्ष आणि दिनांक असे तीन स्वतंत्र रकाने ठेवतो. एचपीएलसी झालेली नसेल तर तिच्या निष्कर्षापुढे टिंब देतो. 'निगेटिव्ह' लिहीत नाही.