पहिली रोड सायकल : निवड, माप आणि मोल

बेळगावाला सायकल नवी नाही. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बंधूंसह याच गावात सायकलींचे दुकान थाटले आणि पुढे विस्तारलेल्या किर्लोस्कर उद्योगसमूहाचे ते बीज ठरले. त्यांचे नाव धारण करणारा रस्ता आजही गावात आहे. मात्र त्यावरील रहदारीत सायकल शोधावीच लागते. आपण डॉक्टर मंडळीही याला अपवाद नाही. सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी शस्त्रक्रिया, सायंकाळी स्वतःचा दवाखाना. रुग्णाला रोज अर्धा तास चालण्याचा सल्ला देणाऱ्याचाच दिवस खुर्चीत सरतो. व्यायामासाठी वेगळा वेळ काढणे जमत नसेल, तर जाण्यायेण्याचा वेळच व्यायामाचा करावा, हा त्यावरील व्यवहार्य तोडगा.

या तोडग्याला पुरावा आहे. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी ब्रिटनमधील २ लाख ६३ हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. सायकलने कामावर जाणाऱ्यांत, वाहनाने जाणाऱ्यांच्या तुलनेत, कोणत्याही कारणाने होणाऱ्या मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने केवळ त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे आपणांस सांगावयास नको. तरीही दिशा स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. घर आणि दवाखाना यांत पाच किलोमीटरचे अंतर असेल, तर सायकलवर एका फेरीला पंधरा ते वीस मिनिटे लागतात. आठवड्यातून पाच दिवस जाऊन-येऊन हा हिशेब सहज पूर्ण होतो.

रोड सायकलच का?

रोड सायकल म्हणजे अरुंद टायरची, वजनाला हलकी आणि खाली वळलेल्या हँडलची सायकल. डांबरी रस्त्यावर कमी श्रमात अधिक अंतर कापणे हा तिचा गुण. जाड टायरची, पुढे शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेली माउंटन सायकल दुकानात रुबाबदार दिसते. पण स्वस्त शॉक अ‍ॅब्सॉर्बर वजन वाढवतो आणि चढावर पायांची शक्ती गिळतो. शर्यतीसाठी घडवलेल्या रोड सायकलवर मात्र फार वाकून बसावे लागते. ज्यांना मान व कंबर यांची तक्रार आहे त्यांनी उंच हँडलची, लांब पल्ल्यासाठी बनवलेली ‘एंड्युरन्स’ धाटणीची सायकल पाहावी. तीही मानवत नसेल तर सरळ हँडलची हायब्रिड घेण्यात कमीपणा मानू नये.

आधी माप, मग रंग

चुकीच्या मापाची महाग सायकल ही योग्य मापाच्या साध्या सायकलहून वाईट. अनवाणी उभे राहून दोन्ही पायांमध्ये एक पुस्तक घट्ट वर दाबावे आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. या मापाला ०.६७ ने गुणले की फ्रेमचा अंदाज येतो आणि ०.८८३ ने गुणले की पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. उदाहरणार्थ, माप ७८ सेंटिमीटर असेल तर फ्रेम सुमारे ५२ आणि सीट सुमारे ६९ सेंटिमीटर. उतरत्या दांड्याच्या नव्या फ्रेमवर छापलेला आकडा फसवा असतो. म्हणून दांड्यावर पाय टाकून उभे राहावे आणि मध्ये दोन-चार सेंटिमीटर मोकळी जागा उरते ना, हे पाहावे. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूस, फार वर असेल तर मागच्या बाजूस वेदना होतात. हे निदान आपणांस दुकानदारापेक्षा अधिक चांगले करता येईल.

गिअर, ब्रेक आणि टायर

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि येथील रस्ते चढउतारांचे आहेत. रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे किंवा जांबोटीमार्गे चोर्ला घाटाच्या दिशेने जाण्याचा मोह आवरणार नाही. म्हणून पुढे ५० व ३४ दात्यांची जोडी आणि मागे ३२ पर्यंतची चकती असलेली सायकल निवडावी. ३४ वर ३२ हा गिअर पायडलच्या एका फेरीत सुमारे सव्वादोन मीटर नेतो; चढावर दम न तुटता पाय फिरत राहतात. मागे सात, आठ की नऊ चकत्या, हा प्रश्न त्यामानाने गौण आहे.

पावसाळ्यात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो. नेमाने पावसातही जाणार असाल तर केबलवर चालणारे डिस्क ब्रेक पत्करावेत; अन्यथा चांगले रिम ब्रेक पुरेसे आहेत आणि दुरुस्तीस सोपेही. टायर २८ मिलिमीटरचा असावा. फ्रेममध्ये ३२ ची जागा असेल तर उत्तम. खड्ड्यांच्या रस्त्यावर २३ चा टायर म्हणजे मनगटाला शिक्षा आणि पंक्चरला निमंत्रण. कॅरिअर आणि मडगार्ड बसवण्याची भोके फ्रेमवर आहेत का, हे आवर्जून पाहावे. रोज दवाखान्यात जाणाऱ्याला पाठीवरील ओझ्यापेक्षा कॅरिअर हितकर.

पैसा कोठे घालावा

ठरवलेल्या रकमेपैकी चार हिस्से सायकलीवर आणि एक हिस्सा हेल्मेट, पुढील पांढरा व मागील लाल दिवा, कुलूप, पंप, जादा ट्यूब यांवर असा विभाग करावा. या टप्प्यावर कार्बन फ्रेमचा हव्यास नको. अ‍ॅल्युमिनियम किंवा चांगल्या पोलादाची फ्रेम वर्षानुवर्षे टिकते. पायडल साधेच असावेत. सायकल जुनी घ्यावयाची असल्यास फ्रेमच्या जोडांवर तडा आहे का, हे पाहावे आणि चेन मोजावी. चेनच्या २४ कड्यांची लांबी १२ इंच असते. ती एक अष्टमांश इंचाने वाढली असेल तर चेनबरोबर मागच्या चकत्याही बदलाव्या लागतात आणि स्वस्त सौदा महाग पडतो. नव्या सायकलीच्या केबल पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत सैल होतात. पहिली मोफत तपासणी चुकवू नये. जवळ भरवशाचा मिस्त्री असणे हे नामांकित छापाहून मोलाचे.

आपणच आपले रुग्ण

चाळिशी उलटलेल्यांनी, विशेषतः मधुमेह, उच्च रक्तदाब वा हृद्रोगाचा कौटुंबिक इतिहास असलेल्यांनी, रुग्णाला जी तपासणी सांगतो ती स्वतःची आधी करून घ्यावी. श्रमाबरोबर छातीत जडपणा किंवा अनपेक्षित धाप जाणवली, तर ती वयावर ढकलू नये. पहिले दोन आठवडे बोलता येईल इतक्याच गतीने चालवावी. अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, हा वाग्भटाचा उपदेश येथे तंतोतंत लागू पडतो. जड गिअर रेटण्याऐवजी हलक्या गिअरवर मिनिटाला ७० ते ९० फेऱ्या ठेवाव्यात. गुडघे दुवा देतील. करंगळीला मुंग्या येऊ लागल्यास तळहातातील अल्नर नर्व्हवर दाब पडतो आहे असे समजून हातांची जागा बदलत राहावी. जांघेत बधिरता आल्यास सीटचा पुढचा भाग किंचित खाली करावा. ती वारंवार येत असेल तर सीटच बदलावी.

१९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे हृद्रोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट स्वतः सायकल चालवीत आणि तिचा जाहीर पुरस्कार करीत. वैद्याच्या आचरणाचे वजन त्याच्या चिठ्ठीपेक्षा अधिक असते. दवाखान्याबाहेर उभी असलेली डॉक्टरांची सायकल प्रतीक्षेत बसलेल्या रुग्णाला जे सांगेल, ते भिंतीवरील तक्त्याला सांगता येणार नाही. तेव्हा येत्या रविवारी मोजपट्टी हाती घ्यावी. दुकानात जाण्याचे काम त्यानंतरचे.