फुलराणीचा आवाज आणि आपले कान

१२ फेब्रुवारी २००१ रोजी अभिनेत्री भक्ती बर्वे गेली. वाईहून मुंबईला परतताना नव्याकोऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भातणच्या बोगद्याजवळ तिच्या गाडीला अपघात झाला. वय होतं ५२. यंदा त्या गोष्टीला २५ वर्षं झाली. त्या निमित्ताने एका वृत्तवाहिनीने तिच्यावर मिनिटभराची आदरांजली दाखवली. दोन फोटो, ‘जाने भी दो यारो’तला एक तुकडा आणि वर निवेदन. निवेदन माणसाचं नव्हतं, संगणकाने घडवलेल्या आवाजाचं होतं. वाक्य जिथे संपतं तिथे त्याने सूर वर चढवला, नको तिथे शब्द तोडले आणि तिचं जन्मगाव व तिचा मृत्यू एकाच चालीत वाचून टाकले. भक्ती बर्वेची आठवण काढायला माणसाचा आवाज मिळू नये, याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. हा मागोवा त्या रागातूनच लिहिते आहे.

सुरुवातीची वर्षं भरभर सांगते, कारण ती कुठल्याही कोशात सापडतात. जन्म १९४८चा, सांगलीचा. लहानपणी सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’मध्ये बालनाट्यांतून कामं. सुधाताईंनी १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने ही बालरंगभूमी उभी केली होती. बालनाट्यातून आलेल्या नटांचा आवाज वेगळाच घडतो. पोरांनी भरलेल्या नाट्यगृहात खाऊच्या पुड्या वाजत असतात, कुणाला तहान लागलेली असते, कुणी रडत असतं. रंगमंचावरचा शब्द कळेनासा झाला की पोर सरळ उठून दाराकडे चालू लागतं. अशा प्रेक्षकाला धरून ठेवायला शिकलेल्या मुलीला पुढे मोठ्यांची धास्ती उरत नाही.

मग आकाशवाणीवर निवेदन. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि ती तिथे बातम्या वाचू लागली. त्याच केंद्रावर स्मिता पाटीलही बातम्या वाचत असे. स्मिता चित्रपटात गेली. चित्रपट उरतो, म्हणून आजच्या मुलींनाही स्मिता ठाऊक आहे. भक्ती मुख्यतः नाटकात राहिली. नाटक पडद्याबरोबर संपतं, त्यामुळे ती उरली ती आमच्या पिढीच्या कानांत.

मला रेंगाळायचं आहे ते १९७५ नंतरच्या दशकापाशी. ते दशक मी जगले आहे, आणि आज मराठी कानांनी काय गमावलं ते कळायला तेवढं एक दशक पुरेसं आहे.

दूरदर्शनचा पडदा तेव्हा बरीच वर्षं कृष्णधवल होता आणि वाहिनी एकच. बातम्या देणारी व्यक्ती हातातल्या कागदावरून वाचायची, मागे संगीत नाही, खाली धावत्या पट्ट्या नाहीत. अशा वेळी ऐकणाऱ्याला धरून ठेवणारी एकच गोष्ट असते, वाचणाऱ्याचा आवाज. भक्ती बातमी वाचताना कुठल्याच शब्दावर उगाच जोर देत नसे. जोडाक्षरं पूर्ण उच्चारायची, ‘ण’ आणि ‘न’ आपापल्या जागी असायचे. अपघाताची बातमी आणि पिकांची बातमी यांत सूर बदलायचा, पण इतका थोडा की ऐकणाऱ्यावर भावना लादली जात नसे. आमच्या घरी वडील मोठ्याने वर्तमानपत्र वाचायला सांगत आणि अडखळलो की म्हणत, त्या बर्वेबाई कशा वाचतात ते ऐकत जा.

आणि ह्याच बर्वेबाई १९७५ मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या ‘ती फुलराणी’त मंजुळा झाल्या. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’चं ते मराठी रूप. भाषाशास्त्राचा प्राध्यापक रस्त्यावरच्या एका फुलवालीला शुद्ध बोलायला शिकवतो आणि उच्चवर्गात मिसळवून दाखवतो, एवढीच गोष्ट. प्राध्यापक अशोक जहागीरदार झाले होते सतीश दुभाषी. आता विचार करा, संध्याकाळी जिच्या तोंडून प्रमाण मराठी ऐकली तीच बाई रात्री शिवाजी मंदिरात फुलांची टोपली घेऊन उभी आहे आणि तिच्या तोंडी एकही उच्चार ‘शुद्ध’ नाही. घसा खरखरीत, हेल वस्तीतले, शब्द एकमेकांना ढकलत बाहेर पडणारे. बातम्या वाचणारी कुठेच दिसत नव्हती. नक्कल करणाऱ्या नटीत ‘बघा, मी किती छान अशुद्ध बोलते’ असा एक तोरा असतो. भक्तीत तो औषधाला नव्हता. मंजुळा अशीच बोलते, कारण ती तशीच वाढली, एवढंच तिने गृहीत धरलं होतं.

मंजुळाच्या त्या गाजलेल्या स्वगताबद्दल सगळे बोलतात ते टाळ्यांच्या अंगाने. मला सांगायचं आहे ते त्यातल्या श्वासाबद्दल. प्राध्यापकाने अपमान केल्यावर एकटी उरलेली मंजुळा त्याच्यावर सूड उगवण्याचं स्वप्न रंगवते. भक्ती सुरुवात करायची ती जवळजवळ पुटपुटत, तरी वर बाल्कनीत, पंख्यांच्या घरघरीतही, अक्षर न् अक्षर पोचायचं, कारण शब्दाच्या शेवटचं व्यंजन ती कधी सोडत नसे. धमकी छातीतून यायची. रडू फुटायला आलं की तोच आवाज नाकात शिरायचा. स्वप्न सुरू झालं की लय सैल व्हायची आणि चिडलेली बाई बघता बघता लहान मुलगी होऊन जायची. हसू वाक्य संपल्यावर येत नसे, वाक्याच्या पोटातच फुटायचं. सूर सर्वांत वर जायचा तिथेही तो चिरका होत नसे, कारण तो चढ चढण्यापूर्वी तिने कुठे श्वास भरून घेतला ते कुणाला कळतच नसे. मी ते शोधायचा फार प्रयत्न केला. एकदा तर डोळे मिटून ऐकलं. श्वास सापडला नाही, मात्र हे कळलं की डोळे मिटले तरी त्या प्रवेशातलं काहीही कमी होत नव्हतं. मंजुळाचा चेहरा, हातवारे, पदर खोचणं, सगळं आवाजातच होतं.

पुढचं काम याहून अवघड. मंजुळा शिकत जाते तसे तिचे उच्चार सुधारतात, पण ते अजून तिचे झालेले नसतात. उच्चार कोरीव आणि बोलण्याचे विषय मात्र वस्तीवरचे, ही शॉने रचलेली गंमत. तिथे हशा मिळवणं सोपं आहे. भक्ती हशाही मिळवायची आणि उसन्या भाषेत वावरणाऱ्या मुलीची धडधडही ऐकवायची. शेवटाकडे मंजुळा अस्खलित बोलू लागायची, पण दुखावली गेली की शुद्ध उच्चारांच्या खालून तो जुना हेल क्षणभर डोकवायचा. एकाच नाटकात एका बाईचे तीन आवाज, आणि तिन्हींत माणूस तोच.

ज्या कथेचा जीवच आवाजात आहे, तिचं हॉलिवुडने काय केलं? १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’ चित्रपटात ऑड्रे हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सनच्या गळ्यातून आली. पडद्यावर चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा. आपल्याकडे मराठी रंगभूमीवर भक्तीने आणि गुजराती रंगभूमीवर, ‘पिग्मॅलियन’वरूनच आलेल्या ‘संतू रंगीली’त सरिता जोशींनी, स्वतःच्या गळ्यावर हे काम प्रयोगामागून प्रयोग पेललं.

एक जुना हिशेब इथे चुकता करते. त्या काळी आमच्या मित्रमंडळींत ‘ती फुलराणी’ला नाक मुरडायची पद्धत होती. परक्याचं नाटक, लोकप्रिय लेखक, हाऊसफुल्लची पाटी, म्हणजे ते हलकंच असणार. भक्तीला ‘गोड’ म्हणून बाजूला सारलं जायचं. त्याच मंडळींना वसंत कानेटकरांच्या ‘अखेरचा सवाल’मध्ये विजया मेहतांसमोर उभी राहिलेली भक्ती दिसली नाही का? विजयाबाईंसारख्या कसलेल्या नटीसमोर मृत्यूच्या छायेतली मुलगी उभी करायची आणि कुठेही कीव मागायची नाही, हे काय गोडपणाच्या बळावर जमतं? जात, वर्ग आणि उच्चार यांचा संबंध मराठी मध्यमवर्गाला हसत हसत दाखवून देण्याचं काम त्या फुलवालीने जेवढं केलं, तेवढं आमच्या दिवाणखान्यातल्या चर्चांनी केलं नाही. नंतर सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष यांनीही मंजुळा आपापल्या परीने उभी केली. ती भूमिका वारसा म्हणून पुढच्या नटींना हवीशी वाटली, हेच त्या नाक मुरडणाऱ्यांना उत्तर आहे.

पुढची वर्षं ओझरती. १९८३ मध्ये कुंदन शाहांच्या ‘जाने भी दो यारो’त ती संपादिका शोभा सेन झाली. गोडव्याखाली लपलेला लोभ तिने त्या भूमिकेत आवाजातूनच दाखवला. महाराष्ट्राबाहेर तिला ओळखतात ते या एका चित्रपटामुळे, आणि हिंदी चित्रपटाने पुढे तिला तिच्या तोलाचं काम फारसं दिलं नाही. नाटकात मात्र ती थांबली नाही. ‘हँड्स अप’, ‘रातराणी’, आणि घरकामातून निवृत्ती जाहीर करणारी अशोक पाटोळेंची ‘आई रिटायर होते’मधली आई. १९९० मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘गांधी विरुद्ध गांधी’त ती कस्तुरबा झाली. तिथे तिने आवाज इतका खाली आणला होता की महात्म्याच्या आणि मुलगा हरिलालच्या मधे चिरडली जाणारी आई न ओरडता ऐकू यायची. १९९६ मध्ये पती शफी इनामदार गेले. जून २००० मध्ये पुलं गेले. ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा एकपात्री कार्यक्रम घेऊन ती फिरत होती. मग तो फेब्रुवारी आला.

आता आजचं बोलू. दूरदर्शनच्याच डीडी किसान वाहिनीने मे २०२४ मध्ये दोन कृत्रिम वृत्तनिवेदक आणले. ते न थकता चोवीस तास वाचतील, अनेक भाषांत वाचतील. खासगी वाहिन्यांवर माणसं आहेत, पण ती वाचत नाहीत, ओरडतात. पावसाची बातमी असो की खुनाची, पट्टी एकच. रंगमंचावर नटांच्या कॉलरला माइक लागले आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची जबाबदारी नटाकडून ध्वनियंत्रणेकडे गेली. माइकने आवाज मोठा होतो, पण गिळलेला शब्द स्पष्ट होत नाही. परभाषेतून मराठीत आणलेल्या मालिका ऐका. ओठांशी जुळतील अशी वाक्यं बसवण्याच्या घाईत क्रियापदाचा बळी जातो, आणि त्या मालिकांना आवाज देणाऱ्या गुणी कलावंतांची नावं श्रेयनामावलीतही धड दिसत नाहीत. यंत्राने माणसाची जागा घेतली अशी तक्रार करण्याआधी आपण माणसाच्या आवाजाची किंमत कधी कमी केली, हे विचारायला हवं. ती आपण बरीच आधी कमी केली. आपण ऐकणं सोडलं, म्हणून यंत्र चालून गेलं.

भक्ती बर्वेच्या आवाजाचं आज आपल्याकडे काय आहे? त्या स्वगताची एक चित्रफीत मोबाइलवरून मोबाइलवर फिरत असते. ती चांगलीच आहे, पण एवढ्या कारकिर्दीचा तो एक चतकोर तुकडा. टेप महाग म्हणून जुन्या मुद्रणावर नवं मुद्रण करण्याची रीत त्या काळी होती, त्यात काय काय पुसलं गेलं कोण जाणे. म्हणूनच जे उरलं आहे ते कपाटात राहता कामा नये.

माझं मागणं स्पष्ट आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या मुंबई केंद्रांनी आपल्या संग्रहात भक्ती बर्वेचं जे जे असेल ते, निवेदन, श्रुतिका, बातम्या, मुलाखती, यादी करून लोकांना ऐकायला खुलं करावं. नाट्यशाळांनी वाचिक अभिनयाला आठवड्यातला एक तास देऊन न थांबता तो पायाचा विषय करावा, आणि पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना तिचं ते स्वगत पडदा झाकून, नुसतं ऐकवावं. ज्या घरांत तिच्या प्रयोगांच्या जुन्या कॅसेट असतील त्यांनी त्या बुरशी लागण्याआधी डिजिटल करून घ्याव्यात आणि एखाद्या ग्रंथालयाला द्याव्यात. आणि वाहिन्यांनो, पुढच्या १२ फेब्रुवारीला तिच्यावर चार ओळी वाचायच्या असतील, तर त्या माणसाकडून वाचून घ्या.