ओटीपी सांगू का?

पहिल्याच दिवशी एक मावशी टेबलाला वळसा घालून थेट मॉनिटरच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, इकडून, पुढून या," असं म्हटलं, तर हसून म्हणाल्या, "आम्हाला याची हीच बाजू ओळखीची." बँकेत, रेशनच्या कार्यालयात, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना त्यांनी संगणक शेकडो वेळा पाहिला होता. त्याचं तोंड कायम खुर्चीवरच्या माणसाकडे आणि पाठ यांच्याकडे. खुर्चीवरचा माणूस पडद्यात बघून "होत नाही" म्हणाला की होत नाही. काय होत नाही, ते बघायची सोय नव्हती.

पुण्यातल्या एका वस्तीच्या समाजमंदिरात आठवड्यातून तीन संध्याकाळी आमचा हा वर्ग भरतो. येणाऱ्या बहुतेकजणी धुणंभांडी नाहीतर पोळ्यांची कामं करतात, दोघी भाजी विकतात. शाळा कुणाची दुसरीपर्यंत, कुणाची चौथीत सुटलेली, कुणी साक्षरता वर्गात सही शिकून थांबलेल्या. संगणक सहा, तेही एका कचेरीनं टाकून दिलेले. मी इथं शिकवायला गेले तेव्हा माझ्याजवळ वीस तासांचा आखीव अभ्यासक्रम होता. तो पहिल्या आठवड्यातच माऊसपाशी अडला.

माऊस सरकत सरकत टेबलाच्या कडेला पोचला की हात थांबायचा. "मॅडम, टेबल संपलं." आता तो उचलायचा, परत मधे आणून ठेवायचा, आणि तेवढ्या वेळात पडद्यावरचा बाण होता तिथंच थांबलेला असतो, हे मी चाळलेल्या एकाही पाठ्यपुस्तकात नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्याला हे आपण कधी शिकलो तेच आठवत नसणार. डबल क्लिकचंही तसंच. दोन टिचक्यांमधे या बायका एवढं अंतर ठेवायच्या की यंत्र त्यांना दोन वेगळे क्लिक समजायचं. सेटिंगमध्ये जाऊन तो वेग कमी करता येतो. मी पंचवीस वर्षं संगणक वापरत होते आणि ते मला इथं येऊन कळलं.

माऊस हाताळायला शिकवण्याची एक जुनी युक्ती म्हणजे पत्ते. १९९० साली विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअरचा डाव आला. पान धरायचं, ओढायचं, सोडायचं, ही हाताची सवय कचेरीतल्या माणसांना खेळता खेळता लागावी, हा त्यामागचा एक हेतू सांगितला जातो. मीही तोच डाव उघडून दिला. एक काकू हात मागे घेऊन बसल्या. "ज्या पत्त्यांनी माझं घर बुडवलं, ते मी शिकू होय?" मग पत्ते बंद केले आणि पेंट उघडून ठिपक्यांची रांगोळी काढायला घेतली. टिचकी मारली की ठिपका, दाबून ओढलं की रेघ. नऊ ते एक ठिपके मांडायला त्यांना माझी गरज नव्हती. चुकलेला ठिपका पुसताना 'अनडू' सापडलं आणि त्या दिवशी वर्गातली निम्मी भीती गेली. बिघडलेलं परत जागेवर येतं, याची खात्री त्यांना कुणी दिलेलीच नव्हती. दुसऱ्याच्या घरी काम करणाऱ्या बाईच्या हातून एखादी वस्तू बिघडली की पगारातून कापून जाते. यंत्राला हात लावताना ती तो हिशेब मनात धरूनच लावते.

माऊस जमला तरी फोल्डर राहिलंच. संगणकाचा पडदा म्हणजे कचेरीतलं टेबल, त्यावर फायली, फायली ठेवायला फोल्डर, बाजूला केराची टोपली. ही मूळ कल्पना झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांची. १९८१ साली त्यांचा 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आला, तो कचेऱ्यांसाठीच. कचेरीत काम करणाऱ्याला जे ओळखीचं, तेच पडद्यावर मांडलं होतं. आमच्या वर्गातली बाई कचेरीत गेली असेल तर झाडायला. फाईलला सरकारी मराठीत संचिका म्हटलं की ती आणखी लांब जाते. एकीला मी मिसळणाचा डबा सांगून पाहिला: मोठा डबा, आत छोट्या वाट्या. तिला ते लगेच पटलं, पण वाटीत पुन्हा डबा आणि त्या डब्यात आणखी वाट्या म्हटल्यावर ती म्हणाली, "असा डबा कोण ठेवेल? सापडेल का काही?"

तिचा प्रश्न संशोधनाला धरून होता, हे मला नंतर समजलं. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये इंद्राणी मेधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात नेमक्या अशाच माणसांबरोबर काम केलं. त्यांतल्या बऱ्याचजणी घरकाम करणाऱ्या होत्या. काम शोधून देणारा, एकही अक्षर नसलेला पडदा त्यांच्यासाठी बनवायचा होता. अक्षरं काढून चित्रं घातली की झालं, असं कुणालाही वाटेल. पण नुसत्या ओट्याचं चित्र पाहून बायकांना 'स्वयंपाकघर' कळे, 'स्वयंपाक करणे' कळत नसे. किटलीतून वाफ निघाली, नळातून पाणी पडू लागलं, तेव्हा चित्रातलं काम दिसलं. मेधींच्या नंतरच्या अभ्यासात मेनूच्या पोटात मेनू अशी उतरंड कमी शिकलेल्यांना जड जाते आणि सगळं एका यादीत मांडलं की सोपं जातं, असंही दिसून आलं. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते आणखी एक निरीक्षण. हे यंत्र आपल्या कोणत्या कामाचं, त्यात माहिती येते कुठून, हे गोष्टीसारखं दाखवणारी चित्रफीत आधी दाखवली की बायका बिचकत नसत. बटणं कशी दाबायची ते त्यांना एरवीही शिकता येत होतं. यंत्र माझ्याशी बोलतंय, हे मात्र कुणीतरी सांगावं लागत होतं.

आमच्याकडे अभ्यासक्रम बनतात ते तासांच्या हिशेबानं. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ मध्ये आलं. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतल्या एकेका माणसाला वीस तासांचं शिक्षण आणि शेवटी ऑनलाइन परीक्षा, असं त्याचं रूप. मार्च २०२४ मध्ये ते संपलं तेव्हा ६ कोटी ३९ लाख लोकांना प्रशिक्षण दिल्याची नोंद होती. त्याला वयाची अट होती, १४ ते ६०. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ च्या महिलादिनी योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकारानं आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून पाटी घेऊन बसणाऱ्या तिथल्या आज्या साठीच्या पुढच्या. अभियानाच्या लेखी त्यांचं वय उलटून गेलं होतं. एका घरात एकाला शिकवलं की घर शिकलं, हे गणितही मला कधी पटलेलं नाही. ज्या घरात एकाला येतं तिथं फोन त्याच्याच हातात राहतो, बाकीचे त्याला विचारून चालतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३८ टक्के बायकांनी इंटरनेट कधीतरी वापरलं होतं. 'कधीतरी'.

तास आणि परीक्षा बाजूला ठेवून कामापासून सुरुवात करणारी माणसंही आपल्याकडे आहेत. साताऱ्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी गावच्या बायकांना घेऊन बँक काढायची ठरवली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. प्रवर्तक बायकांनी अंगठे उठवले होते. सहा महिने अक्षरं गिरवून त्याच बायका पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँकेला परवाना मिळाला. हिशेब त्यांना आधीपासून येत होता, अक्षरं मागून आली. आमच्या वर्गातल्या भाजीवाल्या मावशीही सव्वा किलो मटारचे पैसे माझ्याआधी सांगतात.

म्हणून मी क्रम फिरवला. आधी अंक, मग अक्षरं. त्यातही एक खोडा निघाला. कॅलेंडरवरचे आणि बसच्या पाटीवरचे मराठी आकडे यांच्या डोळ्यांना सरावाचे, फोनवरचे मात्र इंग्रजी. आपला १ आणि इंग्रजी नऊ यांची ठेवण जवळजवळ एकच. आपला ४ पाहिला तर इंग्रजी आठाचा सख्खा भाऊ, आणि आपल्या ५ मध्ये इंग्रजी चार दडलेला. आम्ही फळ्यावर दोन रांगा लिहून या जोड्या लावल्या. 'फसवे आकडे' हे त्या धड्याचं नाव बायकांनीच ठेवलं.

अक्षरांकडे वळल्यावर एक सुखद धक्का बसला. इंग्रजी कळफलकावर अक्षरं अशी का विखुरली आहेत, याला सांगण्यासारखं कारण मला सापडत नाही. पण १९८६ मध्ये सरकारनं ठरवलेल्या इनस्क्रिप्टमध्ये बाराखडीची शिस्त आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. क ज्या कळीवर, त्याच कळीवर शिफ्ट दाबून ख; त तिथं थ, प तिथं फ. दोन महिन्यांपूर्वी बाराखडी शिकलेल्या बाईला हे माझ्यापेक्षा लवकर जमलं, कारण मी रोमन अक्षरांत मराठी बडवणारी. पहिल्या वेलांटीनं मात्र सगळ्यांना रडवलं. 'कि' मध्ये वेलांटी दिसते आधी, टंकायची नंतर. "आधी माणूस, मग त्याची टोपी," असं एकीनं दुसरीला समजावलं. माझ्या कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा ते बरं होतं.

खरं तर आता टंकायचीही सक्ती राहिलेली नाही. २०१७ पासून गुगलच्या कळफलकावर मराठीत बोलून लिहिता येतं. त्यातून वर्गातला सगळ्यात मोठा हशा पिकला. शोधायच्या चौकटीत आपापली नावं बोला, असं सांगितलं होतं. एका आजींनी स्वतःचं नाव सांगितलं आणि मधलं नाव आलं तशा थांबल्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? शेवटी त्यांनी लाजत अख्खा उखाणा म्हटला. फोननं तो सगळा इमानदारीनं लिहून घेतला आणि गुगलनं त्यावर आणखी पन्नास उखाणे शोधून दिले.

हा झाला मजेचा भाग. ज्यासाठी या बायका कामं उरकून धापा टाकत वर्गाला येतात ती गोष्ट म्हणजे ओटीपी. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि महिन्याचे १५०० रुपये बायकांच्या स्वतःच्या खात्यात पडू लागले. २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली. स्वतःच्या आधारावर एक ओटीपी, नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारावर दुसरा. नवरा रात्रपाळीला, फोन त्याच्या खिशात आणि ओटीपी काही मिनिटांत शिळा. सुविधा केंद्रावर रांग, आणि खिडकीतून आवाज, "मावशी, ओटीपी सांगा लवकर."

आता शिकवणाऱ्यानं काय करावं? डिजिटल सुरक्षेचं कुठलंही पत्रक उघडा, त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: ओटीपी कुणालाही सांगू नका. मीही ते तीन आठवडे घोकून घेतलं होतं. ज्या बाईला स्वतः फॉर्म भरता येत नाही तिला सरकारी कामासाठी तो सांगावाच लागतो, आणि ज्या स्वरात केंद्रावरचा मुलगा मागतो त्याच स्वरात फसवणारा फोनवरून मागतो. आम्ही शिकवलेला नियम पाळला तर पैसे येणार नाहीत. मोडला तर आलेले जातील. पत्रकं लिहिणाऱ्यांना हा पेच दिसत नाही, कारण त्यांचा ओटीपी ते स्वतःच टंकतात.

मग नियम सोडून आम्ही प्रश्न शिकवले. हा मेसेज कुणाकडून आला? मी आत्ता काही मागितलं होतं का, की मी काहीच न करता हा आला? त्यात रुपयांचा आकडा आहे का? आकडा असेल तर तोंड बंद. बँकेचे मेसेज बहुतेक इंग्रजीत, म्हणून 'डेबिट' आणि 'क्रेडिट' हे दोन शब्द अक्षर न ओळखता चित्रासारखे पाठ करून घेतले. हे काही माझं डोकं नव्हे. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकारानं टीसीएस या कंपनीनं २००० साली तेव्हाच्या आंध्रातल्या मेडक जिल्ह्यात प्रौढांना संगणकावरून तेलुगू वाचायला शिकवलं, तेव्हा सुट्या मुळाक्षरांऐवजी असेच अख्खे शब्द डोळ्यांपुढे ठेवले होते. चाळीस-पन्नास तासांत साधं वर्तमानपत्र वाचता यावं असा त्यांचा बेत होता. आमचा बेत दोन शब्दांचा.

यूपीआयचा धडा त्याहून छोटा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणणारा चोर. ओळखीच्या-अनोळखी कुणीही दुसऱ्याकडे पैशांची मागणी पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, तरी चोर नवी वाट काढतातच. भाजीवाल्या मावशींनी मात्र स्वतःपुरता उपाय आधीच केला होता. गाडीवरचा ध्वनिडबा "चाळीस रुपये प्राप्त झाले" असं ओरडल्याशिवाय त्या पिशवी सोडत नाहीत. गिऱ्हाईक फोनचा पडदा नाचवून दाखवतं, तिकडे त्या बघतही नाहीत.

दिवाळीआधीच्या आठवड्यात एक काकू एका वेगळ्या फॉर्मसाठी केंद्रावर जायच्या होत्या. चार खेपा झाल्या होत्या. दर वेळी मुलगा म्हणायचा, ओटीपी पाठवलाय, आणि यांच्या फोनवर काही येत नसे. "तुमचा फोन खराब आहे," असं त्यानं सांगून टाकलं होतं. मी सोबत गेले, पण मागे भिंतीशी उभी राहिले. काकूंनी खिडकीत कोपर टेकलं आणि म्हणाल्या, "दादा, ती टीव्ही जरा इकडं फिरव."

मुलगा वैतागला, पण त्यानं मॉनिटर अर्धा वळवला. पडद्यावर सगळं इंग्रजी. काकूंनी अक्षरांकडे लक्षच दिलं नाही. मोबाईल नंबर शोधला, काचेवर बोट ठेवलं आणि एकेक आकडा स्वतःच्या फोनच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीशी ताडत गेल्या. सातव्या आकड्यावर बोट थांबलं. फॉर्म नातीनं भरला होता, मराठी आकड्यांत.

"हा एक आहे," काकू म्हणाल्या. "तू नऊ मारलास."