फिलाडेल्फियाचा मुक्काम : १९७६ ते २०२६

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने मोटरहोम घेऊन निघालेल्यांचा फिलाडेल्फियात एखादा मुक्काम बहुधा ठरलेला असतो. स्वातंत्र्याचा जाहीरनामा येथील इंडिपेंडन्स हॉलमध्ये संमत झाला, त्याला २०२६मध्ये अडीचशे वर्षे होतात. जुन्या शहराच्या गल्ल्यांत साडेआठ फूट रुंदीची गाडी शिरत नाही. ती डेलावेअर नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या कॅम्पग्राऊंडवर उभी करायची, वीज-पाणी जोडायचे आणि पाट्को रेल्वेने शहर गाठायचे, ही सोपी रीत. ही रेल्वे १९६९मध्ये सुरू झाली.

त्याआधीच्या वर्षांत सांगण्याजोगे थोडेच. १९५०च्या दशकात हॉलसमोरच्या वस्तीचे चौकच्या चौक पाडून हिरवळ केली गेली. इतिहास दाखवण्यासाठी इतिहासच पाडण्याचा तो उद्योग होता.

खरा काळ १९७०च्या दशकाचा. १९७६मधल्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला प्रचंड गर्दी होईल असा अंदाज होता. महापौर फ्रँक रिझो यांनी दंग्यांच्या भीतीने १५,००० सैनिक मागितले. सैनिक मिळाले नाहीत, दंगेही झाले नाहीत. पण या बागुलबुवाने पाहुणे मात्र बिचकले. जे आले त्यांची चैन झाली. १ जानेवारी १९७६च्या मध्यरात्री लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा हॉलमधून काचेच्या मंडपात आली. बेंजामिन फ्रँकलिनचे घर १८१२मध्येच पाडले गेले होते. वास्तुविशारद रॉबर्ट व्हेंचुरी यांच्या कार्यालयाने त्याची नक्कल न उभारता पांढऱ्या पोलादी चौकटीत नुसती बाह्याकृती उभी केली. फरशीवर घराविषयीच्या पत्रांतील ओळी कोरल्या. खालच्या तळघरातील संग्रहालयात टेलिफोनांची रांग होती. नंबर फिरवला की फ्रँकलिनविषयीची थोरामोठ्यांची मते ऐकू येत. लहान मुले तेथून हलत नसत. सिटी टॅव्हर्न ही जुनी खानावळही त्याच सुमारास नव्याने बांधली गेली.

पुढे एकेक गोष्ट दूर गेली. एप्रिल २००१मध्ये एकाने घंटेवर हातोडा मारला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर झडती कडक झाली. २००३पासून घंटा नव्या इमारतीत आहे. फ्रँकलिन संग्रहालय २०१३मध्ये नव्या रूपात उघडले. ते टेलिफोन गेले आणि प्रवेशाला तिकीट लागले. सिटी टॅव्हर्न २०२०मध्ये बंद पडले. वर्षातील बहुतेक महिने इंडिपेंडन्स हॉल पाहायला ठरावीक वेळेचे तिकीट आधीच काढावे लागते. वाटेत टायर पंक्चर झाला की तिकीट वाया. मन मानेल तिथे थांबणे हाच ज्या प्रवासाचा प्राण, त्याच्या गळ्यात घड्याळ बांधले गेले.

सर्वांत झोंबणारा बदल ताजा आहे. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या निवासाच्या जागी, त्यांनी तेथे गुलाम म्हणून ठेवलेल्या नऊ जणांची माहिती देणारे स्मारक २०१०पासून होते. जानेवारी २०२६मध्ये त्यावरील फलक उतरवले गेले. शहर न्यायालयात गेले आणि फेब्रुवारीत ते परत लावण्याचा आदेश निघाला. तिकीट आणि झडती यांच्यामुळे इतिहास गैरसोयीचा होतो. फलक काढल्याने तो खोटा होतो.