नंदनवनाहून साहेबांच्या बंगल्यात

बागबगीच्यातला साहेबी मुक्काम हवा, तर नागपूरच्या नंदनवनकरांसाठी पचमढीच बरी. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असा रस्ता. तामियानंतर घाट, तेव्हा पहाटेच निघावं.

१८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी. उन्हाळ्यात नागपूर भाजू लागलं की सरकार साताऱ्याला नव्हे, सातपुड्याला जायचं! सुमारे १,०६७ मीटर उंचीवरच्या पचमढीच्या पठारावर गोऱ्या अधिकाऱ्यांनी बंगले बांधले. कॅप्टन फोर्सिथचा बायसन लॉज त्यांतला जुना. तिथे आता संग्रहालय आहे. मुक्कामासाठी रॉक-एंड मॅनर : उंच छत, रुंद व्हरांडा, पुढे हिरवळ आणि गोल्फचं मैदान. चालवतं मध्य प्रदेश पर्यटन. खोल्या मोजक्याच आणि भाडंही साहेबीच. पण एक रात्र चैन करायला हरकत नाही. दुपारचा चहा खोलीत मागवू नका, व्हरांड्यातच घ्या.

थंडीत रात्री पारा शून्याजवळ जातो, स्वेटरवर भागत नाही.

नागपंचमीची नागद्वार यात्रा आणि महाशिवरात्रीची चौरागडची जत्रा या काळात अवघा विदर्भ तिथे लोटतो. ते दिवस टाळा. नाहीतर आरक्षण फार आधी करा.