गाडा हटवला म्हणजे कोंडी सुटते का?

मेहकरात दोन मोठे रस्ते एकत्र येतात. एक जालना-सिंदखेडराजाकडून येऊन मालेगाव, कारंजामार्गे नागपूरकडे जाणारा. दुसरा लोणारहून खामगाव-शेगावकडे जाणारा. एस.टी., सोयाबीनचे ट्रॅक्टर, तालुक्याच्या कामाला आलेला खेड्यातला माणूस, शाळेची पोरे, सगळ्यांची वाट हीच.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ रोजी शेवटचाही. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता मेहकरजवळूनच जातो. लांबच्या गाड्यांची सोय झाली. पण दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना तिथे मज्जाव आहे. म्हणजे गावची गर्दी गावातच.

कोंडी झाली की पहिले बोट भाजीच्या गाड्याकडे जाते. गाडा हटवतात, आणि संध्याकाळी त्याच जागी चार मोटारसायकली उभ्या असतात. त्यांना कोणी अतिक्रमण म्हणत नाही! चाळीस माणसे एका एस.टी.त मावतात, तीच जोडीजोडीने निघाली तर वीस मोटारसायकली होतात, आणि त्या उभ्या करायला जागाही लागते. तेव्हा एस.टी. वेळेवर आणि पुरेशी असणे हाही कोंडीवरचा उपाय आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे तिकीट आहे, पण गाडीच आली नाही तर सवलतीचे काय करायचे? बाकीचे उपाय साधे आहेत. दुकानांचा माल सकाळी लवकर उतरवावा, वाहनांना ठरलेली जागा द्यावी, शाळा सुटताना चौकात पोलीस असावा.

राहिला गाडा. रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी २०१४ साली केंद्राचा कायदा झाला, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसते. आधी विक्रेत्यांची पाहणी करायची, प्रमाणपत्र द्यायचे. तोपर्यंत कोणाला उठवायचे नाही. नंतर जागा बदलायची तरी तीस दिवसांची नोटीस हवी. जागा ठरवण्यात नगर विक्रेता समितीचे मत घ्यावे लागते. त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, त्यांत एक तृतीयांश बाया. अनुसूचित जाती-जमातींनाही प्रतिनिधित्व. रोज त्या रस्त्यावर बसणाऱ्या बाईला कोंडी कुठे, कधी होते हे साहेबांपेक्षा जास्त कळते. तिला विचारूनच जागा आखावी.

आपल्या घरातले कोणी टोपली घेऊन बसत असेल, तर नगर परिषदेत जाऊन एवढे विचारावे : पाहणी कधी झाली, आणि यादीत आमचे नाव आहे का? अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.