दस्त्याची मूठ : सरळ कीं वांकडी ?

जुनी विलायती दुनळी बंदूक पाहणाराचें लक्ष प्रथम नळ्यांकडे जातें, मग पोलादावरील नक्षीकडे. जेथें उजवा हात बसतो त्या अक्रोडी दस्त्याच्या निमुळत्या मानेकडे सहसा कोणी पाहत नाहीं. कांहीं बंदुकांत ही मान सरळ रेषेंत मागें जाते; कांहींत ती पिस्तुलाच्या मुठीप्रमाणें खालीं वळते. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं वाडवडिलांची अशी बंदूक परवान्यानें जपलेली असेल, त्यांनीं हा भेद निव्वळ शोभेचा मानूं नये.

त्याचें मूळ चापांत आहे. जुन्या दुनळीला बहुधा दोन चाप असतात, एकामागें एक. पुढच्यानें उजवी नळी उडते, मागच्यानें डावी. उजवी नळी तोंडाशीं मोकळी व डावी अधिक आवळलेली, म्हणून जवळच्या लक्ष्यास एक आणि दूरच्यास दुसरी. पहिला बार काढून मागच्या चापावर जावयाचें तर नुसतें बोट वांकवून भागत नाहीं. सारा हात सुमारें एक इंच मागें सरकावा लागतो. सरळ मानेवर तो आपोआप सरकतो. वांकडी मूठ त्याला अडवून धरते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांतील धनिकांमध्यें हाक्यानें उठविलेले पक्षी डोक्यावरून जात असतां टिपण्याची शिकार रूढ झाली. तेथें क्षणार्धांत दोन बार काढावे लागत. सरळ दस्ता लंडनच्या बंदुकांची जणूं ओळखच होऊन बसला, तो या उपयोगामुळें. त्याचा आणखी एक गुण सांगतात : दोन्ही हात नळ्यांच्या रेषेजवळ राहतात, व बोट दाखवावें तशी बंदूक लक्ष्याकडे वळते. मला हा गुण कांहींसा फुगवून सांगितलेला वाटतो. दस्ता अंगास बेताचा असला तर हात कोणत्याहि मुठीला संवयीनें वळतो. हात सरकण्याचा मुद्दा मात्र निर्विवाद.

मग वांकडी मूठ कशाला ? जड काडतुसांकरितां. पाणपक्ष्यांच्या बंदुका व दुनळी रायफली जबर हिसका देतात. पकड सैल असली तर चापाभोंवतालचें कडें मधल्या बोटावर आदळतें. वांकडी मूठ हात जागींच धरून ठेवते. शिवाय १८९४ मध्यें लंडनच्या बॉस कंपनीच्या जॉन रॉबर्टसन यांनीं एकाच चापानें दोन्ही नळ्या उडविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. हात सरकविण्याचें कारणच तेथें उरलें नाहीं. दोहोंच्या मधली, टोंकाशीं गोलसर अशी अर्धवांकडी मूठहि आहे; तिला प्रिन्स ऑफ वेल्सचें नांव आहे. अमेरिकेंत मेरिडन येथील पार्कर बंधूंच्या कारखान्यांत तर सरळ, अर्धी वा पूर्ण वांकडी, गिऱ्हाइकानें मागावी ती मूठ मिळे.

माझ्या एका स्नेह्यांनीं ‘अस्सल विलायती दस्ता सरळच असतो’ असें कोठें ऐकलें, आणि वडिलोपार्जित बंदुकीची वांकडी मूठ कापून घेण्याचें ठरविलें. मीं त्यांना आधीं बंदूक उलटी करून पाहावयास सांगितलें. सरळ दस्त्याच्या कड्याची शेपटी लांब असून मानेखालून मागपर्यंत जाते. वांकड्याची आखूड व मुठीबरोबर वळलेली. म्हणजे लांकूड कापलें कीं लोखंडहि बदलावें लागणार. त्यांतून दस्त्याचा सर्वांत नाजूक भाग मान; तेथील लांकडाचे तंतु आडवे कापले गेले तर एखाद्या हिसक्यानें ती दुभंगावयाची. परवानाधारक बंदूक-कारागिराचाहि सल्ला हाच पडला. हें सर्व समजावून झाल्यावर माझें लक्ष गेलें : त्यांच्या बंदुकीला चाप एकच होता !